हातभर अंतरावरच्या दोन पुंगळ्या

चांदमारीवर गेलं की आधी कापूस तोडायचा. आंजीच्या रस्त्याला, मातीचा उंच बांध घातलेलं ते नेमबाजीच्या सरावाचं मैदान होतं. बांधासमोर निशाणं उभी करत आणि कडेच्या वावरात बोंडं फुटलेली असत. आम्ही कॉलेजच्या कॅडेट मुली चिमूट चिमूट कापूस कानांत कोंबून पालथ्या पडायचो. पहिली गोळी सुटली की सगळं लांब जायचं. हवालदाराचं तोंड हलताना दिसायचं, आवाज मागाहून यायचा. धुक्यात बांध हलतो आहे असं वाटायचं. अजूनही थंडीत सर्दीने कान गच्च झाले की मी मनाने तिथंच जाऊन पडते, रायफलीच्या लाकडाला गाल लावून, आणि मला उठावंसंच वाटत नाही.

उठल्यावर मात्र झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचून परत द्याव्या लागत. जितक्या गोळ्या तितक्या पुंगळ्या, त्यात दयामाया नव्हती. मी सेकंड इयरला असताना एकदा दोन कमी भरल्या, त्याही माझ्याच जागेवरच्या. दिवस कलेपर्यंत आम्ही गवत चाळलं. चांदमारीचा म्हातारा चौकीदारसुद्धा आमच्याबरोबर गुडघ्यांवर बसून शोधत होता. माझं घर आंजीत, बाबांचं भांड्यांचं दुकान. पितळवाल्याच्या पोरीचा हात पितळ पाहून राहील काय, असं कोणीतरी हसत म्हणालं, आणि ते मला चिकटलं ते चिकटलंच. आठ दिवसांनी दिल्लीच्या कॅम्पच्या यादीतून माझं नाव कटलं.

घरी येऊन मी थयथयाट केला. बाबा दुकानात फुटकी भांडी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, जाऊ दे म्हणाले, बस्स. जगाने चोर म्हटलं असतं तर मी जगाला पुरून उरले असते. माझी जीभ तेव्हाही काही कमी नव्हती. पण बाबांनाही तसंच वाटतं, हे मला सहन होईना. विचारायची हिंमत झाली नाही. नऊ वर्षं त्यांच्यासमोर जेवायला बसले की ते 'जाऊ दे' घशाशी यायचं.

पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि मुलींना चांदमारीवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. पुंगळी कुठल्या रायफलीची, हे मी नुसत्या बोटांनी सांगायची. बुडावर कारखान्याची अक्षरं आणि साल असतं, मधोमध घोडा आपटून पडलेला खळगा. एका पावसाळ्यानंतर बांध खचला. मुली माती ओढत होत्या, तेव्हा दोन पुंगळ्या निघाल्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर. तसल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. वरची निमुळती मान नाही, तोंड फाकलेलं, बाजूला भोक, आत काळं काहीतरी वाळलेलं. नवा हवालदार म्हणाला, परदेशी पिस्तुलाच्या असतील. मी बूड साडीच्या पदराने पुसलं. अक्षरं आमचीच होती. साल तेच, ज्या सालच्या पेटीतल्या गोळ्या मी त्या दिवशी झाडल्या होत्या.

ह्या आपल्या मोजणीतल्या नाहीत, असं म्हणून हवालदाराने त्या माझ्याच हातावर ठेवल्या. दुपारच्या बसने मी आंजीला निघाले. खिडकीतून ऊन येत होतं, तुरीची शेतं डोळ्यांसमोरून तरंगत गेली, आणि मी मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होते: बघा बाबा, मातीत होत्या, मी नेल्या नव्हत्या.

ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही. बाबांनी एक पुंगळी उचलली, फाकलेल्या तोंडात बोट घातलं आणि म्हणाले, "शेंब्या हायेत. बैलाच्या."

बैलाच्या शिंगांना घालायच्या शेंब्या मी लहानपणापासून दुकानात पाहत आले होते, पण त्या पत्र्याच्या, टोकदार. मान कापायची, तोंड ठोकून रुंद करायचं, खिळ्यासाठी भोक पाडायचं आणि लाखेने बसवायची, असं बाबांनी समजावलं. कोणी केल्या असतील, मी विचारलं.

"म्याच केल्या."

मग हळूहळू सगळं सांगितलं. शोधाशोध झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी चौकीदार दुकानात आला होता. त्याचा एकुलता बैल, शिंगांची टोकं चिरलेली, शेंब्या विकत घ्यायला पैसे नाहीत. पुंगळ्या कुठल्या ते त्याने लपवलं नाही, रडला. बैल मेल्यावर त्याने तो बांधातच पुरला असेल, शेंब्या न काढता; शिंगं कुजली, त्या हातभर अंतरावर तशाच राहिल्या.

"म्हणजे माझं नाव कटलं तेव्हा तुम्हाले माहीत होतं?"

"होतं. तुया कॅम्प गेला. त्याची नोकरी गेली असती."

मी ओरडले. लोटा पाहणारी एक बाई तो खाली ठेवून निघून गेली. चोर नाही हे माहीत असून मला नऊ वर्षं चोरासारखं का राहू दिलं, निदान मला तरी सांगायचं होतं, असं काय काय बोलले. बाबांनी मला बोलू दिलं.

"सांगतलं असतं," ते म्हणाले, "तर तू चूप राह्यली असती काय?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. पण तेव्हाची एकोणीस वर्षांची मी, हा असला स्वभाव, त्याच पावली चांदमारीवर जाऊन त्या म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर उभं केलं असतं.

"नाई," मी म्हटलं, आणि तिथंच पोत्यावर बसून रडायला लागले. बाबांनी उठून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.