तीन राजांच्या पावातला दाणा

बाबांना कुणी हसलं की घरी आईला लागायचं. आम्ही तेव्हा आखातात राहायचो. ऑफिसात एकदा कुणीतरी त्यांच्या अरबीची नक्कल केली. त्या संध्याकाळी हमरिया वस्तीतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी आईचा हात चिरडला. म्हणून बाहेर गेलो की मी लोकांच्या तोंडाकडे बघत राहायचे. कोण हसायच्या बेतात आहे?

बाबांचे साहेब स्पॅनिश होते. सहा जानेवारीला त्यांनी आम्हाला कुरुम भागातल्या त्यांच्या घरी बोलावलं. त्या दिवशी त्यांच्याकडे तीन राजांचा सण असतो. आदल्या रात्री मुलं दाराशी बूट मांडतात, राजांच्या उंटांसाठी पाणी ठेवतात आणि राजे बुटांत भेटी ठेवून जातात.

"इथे उंटांना जवळच पडतं," साहेब म्हणाले. बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले.

मग कड्यासारखा गोल, गोड पाव आला. साहेबांच्या बायकोने सांगितलं, यात चिनीमातीचा एक राजा आणि वालासारखा एक सुका दाणा लपवलाय. राजा मिळेल त्याला सोनेरी कागदाचा मुकुट. दाणा मिळेल त्याची सगळ्यांनी टर उडवायची आणि पावाचे पैसेही त्यानेच द्यायचे.

बशा वाटायचं काम माझ्याकडे आलं. बाबांच्या तुकड्यातून दाण्याचं टोक डोकावत होतं. वळताना मी तो नखाने उपसला आणि गालात धरला. दाणा कुणालाच मिळाला नाही, तेव्हा साहेबांची मुलं टेबलाखाली वाकून तो शोधायला लागली. मी एरवीही बोलत नसे, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

राजा आईला मिळाला. साहेबांनी उठून तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला. आई हसली, तोंडावर हात न धरता. बाबाही टाळ्या वाजवत होते.

गाडीत मुकुट आईच्या मांडीवर होता. घरी दार लावून बाबा म्हणाले, "राणीसाहेब, मुकुट घाला."

"अहो, पोर बघतेय."

"बघू दे. घाल म्हणतो ना!"

तिने घातला. पहिल्या थपडेने तो कानावर घसरला. त्यांनी तो नीट सरळ केला आणि पुन्हा मारलं. "साहेबासमोर दात काढतेस?" मग तिचं डोकं फ्रिजवर आपटलं. त्यांनी पुन्हा हात उचलला.

मी गालातला दाणा काढून टेबलावर ठेवला. "बाबा, हा तुमच्या तुकड्यात होता. मी काढून घेतला. नाहीतर सगळे तुम्हाला हसले असते."

ते वळले. तोपर्यंत त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. बुक्की होती की थप्पड, आठवत नाही. फरशी गार होती आणि एक दात हलत होता. "खलास," असं म्हणून ते खाली निघून गेले. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

आईने डोक्यावरचा मुकुट काढून माझ्या ओठाला लावला. सोनेरी कागद रक्त टिपत नाही, नुसतं पसरवतो.

"कशाला बोललीस गं?"

मी तिच्या कपाळाकडे बघितलं. उचललेला हात माझ्यावर पडला होता; तिला टेंगूळ आलं होतं, तेवढंच.