एक काना जास्त

"थे ठीक हाय सर, पन खाल्लं काय?"

या एका प्रश्नाने माझ्या कितीतरी लढायांची वाट लागली. मी मालेगावातल्या शाळेत इतिहास शिकवतो. तो प्रश्न विचारणाऱ्या शेजाऱ्यांचा गोठा आमच्या घरामागे कुंपणाला लागून होता आणि त्यात एक पांढरी घोडी. लग्नाच्या वरातीला घोडी नेणं हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. सगळं गाव त्यांना घोडीवाले काका म्हणायचं. संध्याकाळी ते घोडीला खरारा करायला लागले की मी कुंपणाच्या अलीकडे खुर्ची टाकायचो आणि त्यांना घोडदळाचा इतिहास ऐकवायचो. वर्गात पोरं जांभया देतात. काका आणि घोडी निदान उभ्याने ऐकायचे.

"हजारो घोडेस्वार, काका! दिवसभर दौडत आले आणि शत्रूला कळायच्या आत त्याच्या छावणीवर तुटून पडले!"

त्यांचा हात थांबायचा. "थे ठीक हाय सर, पन खाल्लं काय?"

"कोणी?"

"घोड्यायनं."

"रसद होती ना सोबत."

"थे कोनं आनली? घोडे तं सारे दौडून राह्यले होते."

मी एम.ए.ला पहिल्या वर्गात पास झालेला माणूस. कुठल्याही युद्धाची पाच कारणं आणि सहा परिणाम झोपेतसुद्धा सांगीन. पण वैरणीवर कधी कोणी प्रश्नच काढला नव्हता.

तुम्हाला वाटेल, घोडदळावर एवढं बोलणारा माणूस घोड्यावर बसत तरी असेल. मी आयुष्यात एकदाच बसलो, स्वतःच्या वरातीत. तेही मी काकांपासून लपवून ठेवलं होतं. एकदा बोलता बोलता मी छाती काढून म्हणालो, "घोड्याचं मन मला उपजतच कळतं." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या वरातीत लगाम म्याच धरला होता. हिची माय होती थे. तुमी डोये मिटून बसले होते."

"मी मंगलाष्टकं आठवत होतो."

"हौ. अन् तिच्या मानेचे केस उपटून राह्यले होते दोन्ही हातानं."

हे आमच्या बायकोने स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यानंतर महिनाभर मी काहीही ठासून बोललो की ती नुसते डोळे मिटून दाखवायची.

एकदा मात्र मी वैतागलो. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा फौज कशी असते ते!"

त्यांनी घोडीच्या पाठीवर थाप मारली. "ही एक हाय. हिले दोन वक्त दाना लागते, कडबा लागते, बाल्ट्या भरभरून पानी लागते. असे हजार घोडे आपल्या गावाले मुक्कामी आले समजा. दुसऱ्या दिवशी विहिरीत काय राह्यलं? अन् सर, कडब्याच्या गंजीले कसं मालूम, थे फौज आपली हाय का दुश्मनाची हाय?"

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात हेच वाक्य शुद्ध भाषेत, डोळे किंचित बारीक करून, माझं म्हणून टाकलं. त्या तासाला एकही जांभई आली नाही.

मग माझ्या पुस्तकाचं निघालं. पुस्तक कसलं, ऐंशी पानांची पुस्तिका. आपल्या भागातलं घोडदळ हा विषय. केनवडच्या एका घरात जुन्या पेटीत मला मोडीतला एक कागद मिळाला होता. त्यात ओळ होती, 'दर घोड्यास रोज दोन शेर चंदी'. आता मोडी लिहिणारे घाईत काय काय गाळतात ते मला ठाऊक होतं. बिचाऱ्याचा एक काना राहिला, असं मी ठरवलं आणि मोठ्या मनाने तो माझ्या पदरचा दिला. झालं 'दोन शेर चांदी'! मी हरखून गेलो. दर घोड्याला रोज दोन शेर चांदी म्हणजे केवढं ते वैभव! मी अख्खं प्रकरण लिहिलं आणि त्याला 'चांदीचा काळ' असं नाव दिलं.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी कुंपणाशी उभं राहून ते मी काकांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते गोठ्यात गेले आणि घोडीच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी घेऊन आले. आत भिजवलेला हरभरा होता.

"हे पाहा सर. ही चंदी. घोड्याच्या दान्याले चंदी म्हनते. माह्या आज्यापासून म्हनते. घोडं चांदी खाईन काय?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. चूक कळली होती, तिथल्या तिथे कळली होती. पण मी इतिहासाचा मास्तर आणि ते वरातीचे घोडीवाले! मी म्हणालो, "काका, तुम्हाला मोडी येते का?"

"नाही बा."

"मग बोलू नका."

त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. मग म्हणाले, "छापू नोका सर. लोक तुमाले हासतीन." मी छापलं.

प्रकाशन शाळेच्या हॉलमध्ये झालं. पाहुण्यांनी चांदीचा तीनदा उल्लेख केला, टाळ्या पडल्या. काका शेवटच्या रांगेत बसले होते, धुतलेला सदरा घालून. सूत्रसंचालकाला अवदसा आठवली आणि त्याने विचारलं, "कोणाला काही प्रश्न?" काका उभे राहिले.

मेलो, म्हटलं. आता ते विचारणार, 'पन खाल्लं काय?' आणि मी या हॉलमध्ये, हेडसरांच्या, बायकोच्या, नववीच्या पोरांच्या देखत आडवा होणार.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सर आमचे शेजारी हायेत," ते म्हणाले. "घोड्याचं त्यायले सारं मालूम हाय." आणि बसले.

त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. घरी येताना त्यांच्या हातात मी एक प्रत ठेवली. पहिल्या पानावर माझी झोकदार सही केली. माफी मागायची होती ती काही मागितली नाही. पुढे रोज मागणार होतो. रोज खुर्ची टाकायचो, ते खरारा करायचे आणि मी पावसाबद्दल बोलायचो. तो त्यांचा प्रश्नही मग त्यांनी मला कधी विचारला नाही.

यंदा उन्हाळ्यात काका गेले. दुपारी गोठ्यातच बसल्या बसल्या गेले.

तेराव्यानंतर मी निळा पेन खिशात घातला आणि निघालो. ज्याला ज्याला पुस्तक दिलं होतं त्याच्या घरी जायचं, चूक सांगायची आणि आपल्या हाताने काना खोडायचा. लाज वाटली तरी वाटू दे. पहिलं घर हेडसरांचं. मी प्रकरण उघडलं आणि बघतच राहिलो. शीर्षकातल्या 'चांदी'चा काना खोडलेला होता. खाली सातही ठिकाणी खोडलेला होता. रेघा निळ्या आणि जाड होत्या, अक्षर लावून लावून वाचणाऱ्या माणसाच्या.

"हे कोणी केलं?"

"काय केलं?" हेडसरांनी पान पाहिलंही नव्हतं. "घोडीवाले काका घेऊन गेले होते वाचायला. दोन दिवसांनी आणून दिलं."

दुसऱ्या घरी तेच. किराणावाल्याकडे तेच. शाळेच्या ग्रंथालयातल्या दोन्ही प्रतींत तेच. माणूस दारोदार फिरला होता. लोकांनी मला हसू नये म्हणून. मी रस्त्यात उभा राहून रडलो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना डोळ्यात कचरा गेल्याचं सांगत राहिलो.

घरी परतलो तेव्हा अनसिंग गावी दिलेली त्यांची मुलगी घोडी न्यायला आली होती. तिने मला पाहून खुंटीवरची दाण्याची पिशवी उतरवली आणि आतून माझं पुस्तक काढलं. "हे तुमचं, सर. बाबा याच्यातच ठेवत."

मी प्रकरण काढलं. एकही रेघ नव्हती. आठच्या आठ चांदी जागच्या जागी लखलखत होत्या.

"यात नाही खोडलं?"

"म्या म्हटलं होतं त्यायले," ती म्हणाली. "तं म्हने, हे सरनं सोताच्या हातानं देल्लं. याच्यात त्यायचं त्यायनंच खोडावं."

मी कुंपणापाशी बसलो. खिशातून पेन काढला आणि एकेक काना खोडायला लागलो. पलीकडे मुलीने पिशवीत मूठ-मूठ हरभरा टाकून ती घोडीच्या तोंडाला बांधली, आणि घोडी चंदी खाऊ लागली.