सहापर्यंतच गुणायचं

वडाची पूजा आटोपून झुंबरबाई घरी आल्या आणि थेट गिरधरनानांसमोर जाऊन बसल्या. नाना त्यांच्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसे पाहत होते. धुळ्याकडचं गाव सोडून दोघं जळगावला मुलाकडे, हितेंद्रकडे, राहायला आले तेव्हापासून नानांची आठवण विरत चालली होती. आधी शेजारीपाजारी आठवणीतून पुसले गेले, मग हितेंद्र. आता आपली पाळी, या धास्तीने झुंबरबाईंना घास गोड लागत नव्हता.

एके काळी हाच माणूस आकड्यांचा भारी नादी. शाळेत मास्तरांनी शिक्षा म्हणून एकाला सातने भागायला लावलं होतं. बाकी शून्य आली की घरी जा, म्हणाले. मास्तरही बेरकी! ही बाकी जन्मात शून्य येत नाही. पोरगं दिवेलागणीपर्यंत भागत बसलं आणि १४२८५७ हेच आकडे फिरून फिरून येताना पाहून त्यांच्या प्रेमातच पडलं.

लग्नानंतर जत्रेत गोंदणारणीने झुंबरबाईंना नवऱ्याचं नाव विचारलं. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं तरी कसं? त्यांनी खाली मान घातली. शेजारी उभ्या नानांनी आपलं नाव सांगायचं सोडून हा आकडाच गोंदायला लावला. घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

नाना मात्र खुशीत. बायकोच्या हातावर बोट ठेवून समजावायचे. दोनने गुण, २८५७१४. तीनने गुण, ४२८५७१. सहापर्यंत कशानेही गुण, आकडे तेच. पंगतीत सरकून बसावं तसे नुसत्या जागा बदलतात. आणि सातने? असं झुंबरबाईंनी एका वटपौर्णिमेला विचारलं. सातने गुणलं की सगळे नऊच नऊ, आपल्यातला एकही उरत नाही. तेव्हा तू वडाकडे सात जन्म मागितलेस तरी सहाच मिळतील, असं नाना हसत म्हणाले. झुंबरबाई अशा रुसल्या की नानांना पुन्हा सातचं नाव काढायची छाती झाली नाही. किती सुखाचं होतं ते रुसणं!

आज त्यांनी बांगड्या मागे सारून तोच हात नानांपुढे धरला. गोंदण आता सुरकुत्यांत मुरलं होतं. नानांची नजर त्यावर अडकली, बोट आकड्यांवरून फिरू लागलं, ओठ पुटपुटू लागले. दोनचा गुणाकार आला, तीनचा आला, करत करत सहाचाही आला, ८५७१४२. तिथे बोट थांबलं.

"आनि सातनं?" झुंबरबाईंनी श्वास रोखून विचारलं.

नाना अदबीने म्हणाले, "नही अक्का, सातनं करानं नही. मनी बायकोले राग येस."

बायकोला राग येतो हे नवऱ्याने आपल्यालाच अक्का म्हणून सांगितलेलं ऐकून त्यांचे डोळे वाहू लागले, पण हात काही त्यांनी मागे घेतला नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणा, एवढंच त्या म्हणाल्या.