पट्टीनं काढलेला नाला

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले राणेकाका कुठल्याही नव्या बांधकामाची पाहणी एकाच पद्धतीनं करत. तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायचं, हात मागे बांधायचे आणि ते कुठे जातं ते पाहत उभं राहायचं. नव्या फुटपाथचं उद्घाटन चालू असतानाही त्यांनी हेच केलं. पाणी थेट प्रमुख पाहुण्यांच्या बुटांकडे गेलं. "उतार उलटो आसा," एवढं बोलून काका तांब्या घेऊन घरी गेले.

उभी हयात त्यांनी एका कचेरीत नगररचनेचे नकाशे काढले होते. त्याविषयी ते फारसं बोलत नसत.

मग आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली. सभेत बिल्डरच्या आर्किटेक्टनं पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवली. 'शाश्वत' हा शब्द इतक्या वेळा आला, की चहा आल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. मागच्या अंगणातल्या मातीवर काँक्रीट टाकून पार्किंग होणार होतं. हिरवळ तिसऱ्या मजल्यावर, प्लास्टिकची.

काका उठले. "अंगणातलां पाणी खंय जातलां?"

"सर, नाल्यात."

"आणि नाला?"

आर्किटेक्ट पडद्याकडे बघू लागला. मागून देसाई ओरडले, "काका, बसा ना! तुमच्या तांब्यापायी आमच्या पार्किंगची वाट लागेल!"

काका बसले नाहीत. चिडले की मालवणीत बोलणारे काका या वेळी जबानी द्यावी तसे शुद्ध मराठीत बोलले. "मागचा नाला वळणाचा होता. नकाशात मी तो सरळ काढला. टेबलावर बसून, पट्टीनं. जागेवर गेलोच नाही. साहेब म्हणाले, राणे, रेघ काय सुरेख आलीय! तसाच बांधला. जुन्या वळणावर आता चाळ आहे. तिथे दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरतं. आपलं अंगण थोडं पिऊन घेतं म्हणून गुडघाभर. हे बुजवलंत तर कमरेएवढं."

मतदान झालं. माझंही पार्किंग त्याच अंगणात होणार होतं, त्यामुळे हात वर करायला मला जरा वेळ लागला. माती तीन मतांनी वाचली.

नवी इमारत उभी राहण्याआधीच काका भाड्याच्या घरात वारले. अंगणात आता बिल्डरची चकचकीत पाटी आहे: 'शाश्वत उद्यान'.

यंदाही चाळीत पाणी शिरलं. रस्त्यावर गाडी लावता लावता देसाईंनी मला गाठलं. "मग काय उपयोग झाला रे तुमच्या त्या मातीचा?"

मी पँट दुमडून चाळीत जाऊन आलो. पाणी गुडघ्यापर्यंतच होतं.