राणी कलरची पावलं

अत्यंत गंभीरपणे आणि जड अंतःकरणाने जाहीर करण्यात येते की, मी चित्रकला सोडलेली नाही. (गंभीरपणा माझा. जड अंतःकरण घरच्यांचं.)

इकडे गुजराती मुलखात, उधन्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये मी डिस्पॅच खात्यात आहे. दुसऱ्यांनी रंगवलेल्या साड्यांचे गठ्ठे रवाना करता करता पन्नाशी आली आणि एके दिवशी वाटलं, आपणही काहीतरी रंगवावं. जलरंगांवर दोन महिने काढले, पण जलरंग सगळेच वापरतात. कलावंताने स्वतःचं माध्यम शोधायला हवं, असं माझं मत पडलं. म्हणून चहाच्या चोथ्याने तापी नदी काढली. तिसऱ्या दिवशी नदीला बुरशी आली. मग मेंदीच्या कोनाने बैलजोडी काढली, ती सुकून पोपडे धरून खाली पडली. एक शिंग तेवढं कागदावर राहिलं.

"अहो, एखादं चित्र भिंतीवर टिकेल असं काढा," आमची मंगल म्हणाली. "नाहीतर निदान झाडून टाकता येईल असं तरी."

अशात आमच्या हर्षालीला बघायला बारडोलीहून पाहुणे येणार असं ठरलं. मूळचे आमच्याच खानदेशातले. मुलगा नितेश तिथल्या एका कारखान्यात इंजिनियर. त्याच्या आईने हर्षालीला एका लग्नात बघून मनातल्या मनात सून करून टाकलं होतं. हर्षाली आणि नितेश फोनवर काय बोलत होते ते आम्हाला माहीत नव्हतं, पण फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे बघून हसायची. राहिला होता तो फक्त नितेशच्या आजीचा होकार. त्या घरात आजीच्या होकाराशिवाय गॅसची शेगडीसुद्धा बदलत नाहीत, असं ऐकून होतो.

"पप्पा," हर्षालीने मला आदल्या दिवशी बाजूला घेतलं, "मला मुलगा आवडलाय. प्लीज, उद्या तुम्ही काही करू नका."

"मी काय करणार?"

"तेच तर. काहीच करू नका."

सकाळी मंगलने सगळं घर पुसून लखलखीत केलं आणि मायलेकी मिठाई आणायला पर्वत पाटियाच्या बाजारात गेल्या. "फरशीवर उगाच फिरू नका," एवढंच बजावून. घरात मी एकटा. समोर भिंतीवर एक रिकामा खिळा. आणि मंगलने तिकडे फोनवर आधीच सांगून ठेवलेलं की, आमचे हे चित्रं काढतात!

आता सांगा, मुलीचा बाप रिकाम्या खिळ्याखाली बसून पाहुण्यांचं स्वागत करेल?

माझ्या कपाटात एक चमत्कारिक पुडी होती. आमच्या मिलच्या कलर मास्तरने दिलेली, सुती कापडाच्या रंगाची पूड. दिसायला काळपट, विटकरीचा चुरा असावा तशी. पुडी देताना मास्तर म्हणाला होता, "साहब, सूखा है तब तक कुछ नहीं दिखेगा. पानी लगा तो रानी कलर. चुटकी से ज़्यादा मत लेना." राणी कलर म्हणजे आपल्या बायका लग्नात नेसतात तो झगझगीत गुलाबी, दुरूनही डोळ्यांत भरणारा.

माझ्या डोक्यात तंत्र तयार झालं. ओला कागद भिंतीला टेकवून उभा करायचा, समोर टेबल फॅन लावायचा आणि फॅनपुढे पूड सोडायची. वाऱ्याने रंग कागदावर जाऊन बसेल, जिथे पाणी तिथे तो उमलेल. सूर्यास्त आपोआप! माणसाचा हातच नको. (हे वाक्य पाहुण्यांना ऐकवायचं म्हणून दोनदा पाठही केलं.)

चिमूटभर सोडली. कागदावर एक ठिपका आला. आणखी चिमूट, दुसरा ठिपका. मग मला वाटलं, मास्तर कंजूष आहे. पुडीच उपडी केली आणि फॅन तीनवर टाकला.

कागदावर एकूण पाच ठिपके. बाकीची पूड कुठे गेली ते कळलं नाही. आमची फरशी मोझॅकची, मुळातच काळ्या-तांबड्या खड्यांची, तिच्यावर काहीच दिसेना. तरी मी जबाबदार माणूस. कोरडा झाडू घेऊन सगळी खोली, मधलं दार, सोफ्याखालची जागा असं छान झाडून घेतलं. म्हणजे जी पूड एका कोपऱ्यात पडली होती, ती घरभर सारखी पसरवली. कागद गुंडाळून पलंगाखाली ढकलला आणि गुणी माणसासारखा खुर्चीत बसलो.

मायलेकी परतल्या, चपला काढून आत गेल्या. पाय कोरडे, फरशी कोरडी. सगळं ठीक.

पाहुणे अकराला आले. पुढे नितेशचे वडील, पांढरंशुभ्र शर्ट-पँट. मागे नितेश, तोही पांढऱ्या शर्टात, मान खाली. शेवटी काठी टेकत आजी. उन्हाने तिघं भाजून निघाली होती. आणि खानदेशी घरात पाहुणा उन्हातून आला की आधी काय? पाय धुवायला पाणी! मंगलने दारापुढच्या ओट्यावर बादली ठेवलीच होती. तांब्या तांब्याने तिघांनी पाय धुतले आणि ओल्या पायांनी आत आले.

वडील आले, सोफ्यावर बसले. नितेश आला, त्यांच्या शेजारी बसला. सगळे हसत होते, मीही हसत होतो. आजी मात्र जपून चालणारी, नजर जमिनीवर. उंबऱ्यातून दोन पावलं आत आली आणि थांबली.

दारापासून सोफ्यापर्यंत पावलांच्या दोन ओळी. पाचही बोटं, टाच, सगळं रेखीव. राणी कलर.

"हाई काय शे?" आजीने विचारलं.

मंगलने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिला विचारावं लागत नाही.

"स्वागतासाठी काढली आजी," मी म्हणालो. "लक्ष्मीची पावलं. नवीन पद्धत आहे."

आजीने आपला पाय उचलून पाहिला. खाली ताजं पाऊल उमललं होतं.

"मंग मना पायखाले कशी निंघी राहिन्यात?"

यावर मी सरळ कृती केली. ओलं फडकं आणून फरशी पुसायला लागलो! पहिल्याच फटक्याला परातीएवढं गुलाबी तळं झालं. दुसऱ्या फटक्याला ते सोफ्यापर्यंत पोचलं.

"अहो, पुसू नका," मंगल दातांतून म्हणाली.

"थोडंच राहिलंय."

"थोडं नाही, वाढतंय ते."

नितेशचे वडील सोफ्यावरून उठले. सोफ्यावरच्या चादरीवरही पूड बसली होतीच आणि ते घामाने चिंब. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ लग्नाच्या शालूसारखी दिसत होती. त्यांनी हात मागे नेऊन चाचपलं, तो हात कपाळाला पुसला आणि कपाळही गेलं. तेवढ्यात हर्षाली सरबताचा ट्रे घेऊन दारात आली. तिने फरशी पाहिली, होणाऱ्या सासऱ्यांचं कपाळ पाहिलं, मग हातात फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलेला बाप पाहिला.

"शुं कर्युं, पप्पा?" ती हळूच म्हणाली. रडायच्या बेतात असली की तिला गुजराती येते.

मी सगळं कबूल केलं. पुडी, फॅन, सूर्यास्त. पलंगाखालचा कागदही काढून दाखवला. पाचही ठिपके.

आजी काठीवर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, ते रंगनं जाऊ द्या. असा कुंकवाना पाय कोना उमटतस? नवी नवरी सासरले येस, तिना. आठे आमना पोऱ्या तुमना घरमा कुंकवाना पाय लई उना. याले घरजवाई करानं शे का तुमले?"

वडील कपाळ पुसत होते आणि ते आणखी वाढत होतं. मंगलने डोळे मिटले. माझ्या पाच ठिपक्यांपायी पोरीचं स्थळ चाललं होतं.

आणि इतका वेळ ज्याने तोंडातून शब्द काढला नव्हता तो नितेश, शर्ट गुलाबी, कान गुलाबी, ताडकन उभा राहिला. एकदा हर्षालीकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या फडक्याकडे, आणि आजीला म्हणाला,

"आजी, घरजावई व्हायला मी तयार आहे, पण सासऱ्यांना तू बारडोलीला घेऊन जा."