साडूंचे पाच शनिवार

आमच्या लातूरच्या साडूंना देवाच्या दारात उभं केलं, तरी हात जोडायच्या आधी ते घंटेची कडी सैल आहे का ते बघतील. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे हे यजमान. सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी पेचकस, आणि कुणी बोलावलं नसताना लोकांच्या घरातल्या वस्तू उघडून बसायची खोड. नांदेडला आमच्या लेकीला बघायला पाहुणे आलेले, मे महिना, पोहे फिरताहेत, आणि साडू स्टुलावर! "आवाज येऊन राहिला पंख्याचा. दोन मिनिटं थांबा." दोन मिनिटांचा तास झाला. पाहुणे उकाड्यानं निथळले, मी शरमेनं. खाली अक्का सगळे स्क्रू पदरात धरून शांतपणे उभी, जणू ओटीच भरून घेतेय. सोयरीक जमली बापडी, पण त्यात पंख्याचा काही हात नव्हता.

अक्का गेली. वर्षश्राद्धानंतर साडू आमच्याकडे आले, तेव्हा तोच पंखा पुन्हा कुरकुरत होता. तासभर त्याच्याखाली बसले, एकदाही वर पाहिलं नाही. खिशात पेचकस नव्हता. आता हा माणूस काही फार दिवस काढत नाही, असं वाटलं. त्यांच्या मुलानं त्यांना कॅनडाला नेलं. मी रोज फोन करायचो, पलीकडून "हाव, जेवलो" एवढंच. खरं सांगतो, मीही थकलो होतो. माझं तरी वय काय कमी आहे?

आणि एके दिवशी फोन तिकडून आला. "साडू, अहो इथं लोक चांगल्या-चांगल्या वस्तू फेकून देऊन राहिले! लई पाप हाय!" दर शनिवारी वस्तीच्या सभागृहात टेबल मांडून ते फुकट दुरुस्ती करू लागले होते. तिथं मार्था नावाची एक विधवा बाई जुनी शिलाई मशीन घेऊन आली. पंखा तासाभरात उलगडून जोडणाऱ्या माणसाला त्या मशीनला पाच शनिवार लागले. मी विचारलं, "झालं काय होतं तिला?"

"पट्टा निसटला होता," साडू म्हणाले, आणि त्याच दमात, "लगीन करावं म्हणतो. पण तुमच्या बायकोनं हाव म्हटलं तरच. न्हाई म्हटली तर विषय संपला. अक्काची पाठची बहीण हाय ती."

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जसं काही लग्न मीच करत होतो! तिसऱ्या दिवशी बाजारातून इरकल घेऊन आली. आमच्याकडे दुसरेपणाची बायको पहिलीच्या माहेरची लेक मानतात. "आईबाबा न्हाईत, मग माहेर मीच," ती म्हणाली. "पाठवा ही साडी. आणि दाजींना सांगा, लेकीला नीट सांभाळा म्हणावं." मग स्वयंपाकघरात जाऊन खूप रडली.

परवा व्हिडिओवर मार्थानं स्वेटरवरच ती इरकल गुंडाळलेली, आणि साडू तोंडात पिना धरून निऱ्या बसवताहेत. खिशात पेचकस होता. मला फार बरं वाटलं, आणि अक्काची आठवणही आली.

पंखा अजून कुरकुरतो. काल म्हटलं, मिस्तरीला बोलावतो. तर बायको म्हणाली, "काही गरज न्हाई. लेक माहेरपणाला आली की जावई करतील." कॅनडाहून एवढ्या लांब साडू आणि मार्था कधी येणार, कुणाला ठाऊक. पण तिनं स्टूल माळ्यावरून काढून पुसून ठेवलंय.