पैलवानाचा कलप

मेंढ्याला कलप लावू नये, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

माझी सासुरवाडी औंधजवळ, डोंगराच्या कुशीत. सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, दख्खनी मेंढरांचा कळप आहे. काळी, काटक, कुसळं चघळत कडे चढणारी जात! गावानं मटणासाठी बाहेरची वजनदार मेंढरं आणली, पण मामा हटले नाहीत. शेवटी मेव्हण्यानंच अट घातली. जातिवंत नर निवडायला संवर्धन केंद्राची माणसं येणार होती. त्यात मामांचा ‘पैलवान’ नावाचा मेंढा निवडला गेला तर कळप राहील, नाहीतर सगळा विकायचा. मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

आदल्या दिवशी मी विश्रामबागेतल्या माझ्या घरून तिथं पोचलो. पैलवान ऐटदार होता, पण उन्हानं लोकरीची टोकं तांबूस झालेली. शुद्ध काळा नको का दिसायला? आणि माझ्या बॅगेत काळ्या कलपाच्या पुड्या होत्या. (कुणासाठी, ते विचारू नका. सासरी अजून कुणाला पत्ता नव्हता.)

सकाळी मामांची पाठ वळताच मी पैलवानाला कानापासून शेपटीपर्यंत चोपडलं. कलप थोडा वेळ ठेवून मग धुवायचा असतो. हे मला ठाऊक होतं, पैलवानाला नव्हतं! दाव्याला हिसडा देऊन तो सुटला. आधी सासूबाईंच्या लुगड्याला घासला, मग मामांच्या धोतराला. तेवढ्यात दारात केंद्राची पांढरीशुभ्र गाडी लागली. पैलवानानं तीही सोडली नाही.

आता जावयाला बोलायची रीत नाही. म्हणून सासूबाई माझ्याकडं बघत मेंढ्यावर ओरडल्या, "मेल्या, अक्कल गहाण ठिवलीस व्हय रं?"

गाडीतून उतरलेल्या डॉक्टरीणबाईंनी पैलवानाच्या पाठीवर हात फिरवला. तळवा काळाकुट्ट!

"रंग फासलाय? म्हणजे खाली पांढरा असणार. संकर आहे हा. चला!"

मामा मटकन खाली बसले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पुढच्याच क्षणी मामा उसळून उठले.

"आवं बाई, थांबा! सुमे, कातर आण!"

सुमन, म्हणजे माझी बायको, कातर घेऊन धावली. मामांनी पाठीवरची लोकर कचाकचा कातरली.

"बघा मुळाशी! हाय का एक केस पांढरा?"

बाईंनी वाकून बघितलं. "अस्सल आहे. लय देखणा आहे! मग रंग कशाला लावला?"

जावयाची लाज राखायला मामाच पुढं झाले. "माझंच चुकलं. म्हातारचळ, दुसरं काय!"

बाईंनी मामांच्या पांढऱ्याफेक डोक्याकडं बघितलं. "तुमच्याकडं कलप आला कुठनं?"

एकजात सगळ्यांच्या नजरा माझ्या भांगावर! मामाही वळले, कातर हातातच.

सुमन वडलांवर किंचाळली, "आवं आबा, ती कातर खाली ठिवा आधी!"

पैलवान निवडला गेला! मामांनी त्याला गुलाल लावला, गूळ भरवला, डोळे पुसत गाडीत चढवलं. केंद्रातल्या मेंढ्यांचा जावईच झाला तो. कळप राहिला.

निघताना मामा मला दरवेळी टॉवेल-टोपी देतात. त्या दिवशी नुसती टोपी दिली.

"घाला पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "मुळं दिसत्यात."